खेळता खेळता कमवायचं, पण खेळ उरला पाहिजे

यावेळी सगळे प्रश्न एकाच विषयाचे घेतलेत, कारण आलेच तसे. आभासी जगात, म्हणजे सेकंड लाइफसारख्या ऑनलाइन जगात जिथे आपण एक अवतार घेऊन वावरतो, तिथे पैसे मिळतात का, आणि मिळायला लागले की मजा कुठे जाते. टोपणनावं तुमचीच, मी बदललेली नाहीत. प्रश्न लांब होते ते थोडे छाटलेत, रागवू नका.

प्रश्न : ताई, मी सेकंड लाइफमध्ये नवीन आहे, अजून नीट चालता पण येत नाही, सारखी भिंतीवर आपटते. पण सगळे म्हणतात इथे कमाई होते. शोधलं तर कुठे नाचायचं काम, कुठे नुसतं बसायचं काम, असलंच काहीतरी दिसतं. यातून खरंच काही हाती लागतं का?
– भिंतीवर आपटणारी

उत्तर : भिंतीवर सगळेच आपटतात, ते सोडा. आधी भाव समजून घ्या. तिथलं चलन लिंडेन डॉलर, आणि एका अमेरिकन डॉलरला साधारण अडीचशे लिंडेन या आकड्याच्या आसपासच भाव कित्येक वर्षं घुटमळतोय. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण कुणी "दोन तासांचे तीनशे देतो" म्हणालं की ऐकायला भारी वाटतं आणि हिशोब केला की सव्वा डॉलर निघतो.

बसायच्या कामाला कॅम्पिंग म्हणायचे. ज्या जागेवर लोक जास्त वेळ थांबतात त्या जागेचा ट्रॅफिकचा आकडा वाढतो आणि ती सर्चमध्ये वर दिसते, म्हणून दुकानवाले खुर्च्या मांडायचे आणि बसणाऱ्याला दर काही मिनिटांनी एखाददुसरा लिंडेन टाकायचे. मग माणसांच्या जागी बॉट, म्हणजे आपोआप चालणारे अवतार आले, आणि शेवटी सेकंड लाइफ चालवणाऱ्या कंपनीनेच ट्रॅफिक असा फुगवायला बंदी घातली. तेव्हा आज कुणी "बसा आणि कमवा" म्हणत असेल तर एकतर चिल्लर आहे नाहीतर भानगड आहे.

त्यापेक्षा क्लबमध्ये होस्टचं काम बघा. आलेल्याचं स्वागत करायचं, गप्पा थंड पडू द्यायच्या नाहीत, ग्रुपमध्ये नोटीस टाकायची, आणि टिप जारमध्ये, म्हणजे बक्षिशीच्या डब्यात जे पडेल ते आपलं (काही ठिकाणी क्लब त्यातले काही टक्के कापतो, आधी विचारून घ्या). पगार म्हणून बघाल तर रडू येईल. पण तुमचे कपडे, केस, घरातलं फर्निचर यातूनच निघतं, कार्ड लागत नाही, आणि ओळखी होतात, आणि तिथली बरी कामं सगळी ओळखीतूनच मिळतात, अर्ज करून नाही. पहिले काही आठवडे मात्र काम शोधूच नका. सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या मोकळ्या जागेत जाऊन ठोकळे जोडा, उडा, पडा. जिथली भाषा, चालीरीती, विनोद काहीच कळत नाहीत तिथे तुम्ही विकणार काय?

प्रश्न : मला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर चांगलं येतं आणि कपडे डिझाइन करायला जाम आवडतं. आभासी जगात कपड्यांचं दुकान टाकावं असं मनात आहे. पण बाजारात आधीच लाखो वस्तू आहेत, काही तर फुकट पण आहेत. मी उशीर केलाय का? आणि कुणी कॉपी केलं तर?
– शिंपीणबाई थ्रीडी

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण तुम्ही "कमाई कशी होईल" हे नंतर विचारलंय, "जाम आवडतं" हे आधी लिहिलंय.

उशीर झालाय असं नाही, पण सोपा काळ गेलाय हे खरं. सेकंड लाइफ २००३ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यांनी एक मोठी गोष्ट केली, की इथे जो जे बनवेल त्याचे हक्क त्याचेच. आज हे साधं वाटतं, पण बाकीच्या बहुतेक ऑनलाइन खेळांत तुमची तलवार, तुमचं घर, सगळं कंपनीचं असतं, तुम्ही फक्त वापरता. या एका निर्णयामुळे तिथे खरे दुकानदार तयार झाले. तेव्हा प्रिम म्हणजे साधे ठोकळे वाकवून वस्तू बनायच्या, कुणालाही दुपारभरात जमायचं. २०११ मध्ये मेश आलं, म्हणजे बाहेर ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून वर चढवायचं, आणि दर्जा एकदम उंचावला, हौशी लोक बरेच गळले. तुम्हाला ब्लेंडर येतं म्हणजे तुम्ही त्या भिंतीच्या आतल्या बाजूला आहात, यात निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं कंटाळवाणं आहे, तेही सांगते. अवतारांची बॉडी वेगवेगळ्या मेकर्सची असते आणि एकीवर बसणारा ड्रेस दुसरीवर बसत नाही, त्यामुळे प्रत्येक बॉडीसाठी वेगळं रिगिंग, म्हणजे कपडा त्या बॉडीच्या हालचालींशी जोडायचं काम, करावं लागतं. सगळ्या बॉडी धरायला जाल तर डिझाइन करायला वेळच उरणार नाही. दोन धरा, चालणाऱ्या. डेमो द्याच, फुकट, कारण घालून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही आणि घेऊही नये. टेक्स्चर (वस्तूवर लावायचं चित्र), मेश वर चढवायला दरवेळी छोटी फी लागते, ती दिसत नाही पण साठते, म्हणून ट्रायल घेण्यासाठी त्यांचा बीटा ग्रिड, म्हणजे चाचणीचं वेगळं जग वापरा, तिथे खरे पैसे जात नाहीत.

कॉपीचं म्हणाल तर वस्तूला तीन परवानग्या असतात, कॉपी, मॉडिफाय, ट्रान्स्फर. कॉपी आणि ट्रान्स्फर दोन्ही एकदम दिल्या की गिऱ्हाईक तुमची वस्तू छापून विकू शकतो, त्यामुळे कपड्याला साधारण कॉपी द्यायची, ट्रान्स्फर नाही. तरी चोरी होते. २००६ मध्ये कॉपीबॉट नावाचा प्रोग्राम आला तेव्हा दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. आजही चोरलेला माल दिसतो, कॉपीराइटची तक्रार करून तो काढून घेता येतो, पण मी म्हणेन रोज उठून चोर शोधत बसू नका. त्या वेळात पुढचा ड्रेस होतो, आणि चोराला पुढचा ड्रेस सुचत नाही.

गर्दीबद्दल एवढंच, की पार्टी ड्रेस हजारो आहेत, पण म्हाताऱ्या अवतारासाठी, जाड अवतारासाठी, डॉक्टर-मेकॅनिकच्या रोलप्लेसाठी (म्हणजे भूमिका घेऊन खेळण्यासाठी), किंवा व्हीलचेअरवर नीट बसणारे कपडे शोधा, हात दुखतील स्क्रोल करून. ज्या रोलप्लेमध्ये तुम्ही स्वतः रमता त्यातल्या लोकांना काय मिळत नाहीये ते तुम्हालाच माहीत असणार. तेच बनवा. तुम्हाला आधी हवं होतं ते बनवलेलं विकलं नाही गेलं तरी तुम्ही घालाल ना.

आणि कंपनी नियम बदलते हे लक्षात ठेवा. गाचा मशीन, म्हणजे पैसे टाकायचे आणि काय निघेल ते नशीब, हा कित्येक दुकानांचा मुख्य धंदा होता, २०२१ मध्ये त्यावर बंदी आली. ज्यांचं सगळं त्यावरच होतं त्यांना नव्याने मांडणी करावी लागली.

प्रश्न : मी दोन क्लबमध्ये डीजे आहे. आधी नुसतं हौस म्हणून गाणी लावायचो, रात्र कधी संपायची कळायचं नाही. आता ठरलेले सेट आहेत, टिप चांगल्या पडतात, पण लॉगइन करायचा कंटाळा येतो. टिप कमी पडली की मूड जातो. पैसे नको म्हणावं तर गाणी ऐकवायला लागणाऱ्या ऑडिओ स्ट्रीमचं भाडं खिशातून जाईल. काय करू?
– रात्रीचा डीजे

उत्तर : दादा, हा तुमचा एकट्याचा आजार नाही आणि याचं औषध थोडंफार माहीत आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली मुलं घेतली, ज्यांना मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात मार्कर ठेवले तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांना मात्र काही झालं नव्हतं.

आता तुमच्याकडे बघा. आधी टिप अचानक पडायची, आता ती ठरलेली आहे. गाणी तीच, तुम्ही तेच, फक्त नजर डान्स फ्लोअरवरून टिप जारवर गेली. बक्षीस वाईट नसतं हो, "हे केलं तर ते मिळेल" हा आधीचा करार मजा खातो.

म्हणून मी काय करेन सांगू? स्ट्रीमचं महिन्याचं भाडं किती, ते काढा. तेवढं वसूल होईपर्यंतचे सेट हे काम. नीट तयारी करून, वेळेवर, क्लबवाल्याला हवं ते संगीत लावून. तेवढं झालं की त्या महिन्यात पैशाचे सेट बंद, आणि एक सेट असा ठेवा जिथे टिप जार काढूनच टाकायचा, नाहीतर जार मित्राच्या नावावर लावायचा, आणि फक्त तुम्हाला आवडतात ती विचित्र गाणी लावायची, चार जण आले तरी चालेल. शिवाय एक वेगळा अवतार काढा, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही. डीजेच्या अवताराने लॉगइन केलं की दहा मेसेज पडलेले असतात, "शुक्रवारी येतोस का", "अमुक गाणं लाव ना". दुसऱ्या अवताराने नुसतं भटका, होडी चालवा, कुणाच्या तरी जत्रेत पाळण्यात बसा. बरेच जुने दुकानदार हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

हे करूनही दोनेक महिन्यांत कंटाळा गेला नाही तर एक क्लब सोडा. एवढ्या टिपसाठी आयुष्यातल्या रात्री घालवण्यात काय अर्थ आहे, त्याच वेळेत बाहेरच्या कुठल्याही कामाला जास्त पैसे मिळतील. आभासी जगात काम करण्याचं मुख्य कारणच हे असतं की ते कामासारखं वाटत नाही.

प्रश्न : जमीन घेऊन भाड्याने द्यावी म्हणतोय. एक बाई त्यातून करोडपती झाल्या होत्या ना?
– होऊ घातलेला जमीनदार

उत्तर : झाल्या होत्या. अँशे चुंग हा त्यांचा अवतार, खरं नाव आयलिन ग्रेफ, २००६ मध्ये बिझनेसवीक मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा अवतार झळकला आणि त्याच वर्षी आपली आभासी मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं त्यांनी जाहीर केलं. पण लोक फक्त शेवटचा आकडा लक्षात ठेवतात. त्यांनी जमीन घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोकांचा लोंढा येत होता, जमीन कमी होती, आणि त्या नुसती जमीन विकत नव्हत्या, तुकडे पाडून, सजवून, शेजार कसा असेल याचे नियम लावून विकत होत्या. आज कंपनी हव्या तितक्या नवीन रीजन, म्हणजे जमिनीचे मोठे चौकोन, काढू शकते, त्यामुळे जमीन दुर्मिळ आहे ही समजूत आधी काढून टाका.

एक पूर्ण रीजन २५६ बाय २५६ मीटर, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. खाजगी पूर्ण रीजनची फी महिन्याला दोनशे डॉलरच्या वर जाते आणि भाडेकरू असो नसो ती भरावीच लागते. पाच प्लॉट पाडले आणि दोन रिकामे राहिले की बाकी तिघांचं भाडं फीमध्येच जातं. वर रात्री दोन वाजता मेसेज, "शेजारच्याचा ड्रॅगन माझ्या अंगणात येतो". तुम्हाला हे असले तंटे सोडवण्यात मजा वाटत असेल, बागा लावायला आवडत असेल, तर छोट्या तुकड्यापासून करा. नुसता भाड्याचा हिशोब करून उतरणार असाल तर नका उतरू.

एन्ट्रोपिया युनिव्हर्स या दुसऱ्या आभासी जगातल्या लघुग्रहाची गोष्टही लोक सांगतात, जॉन जेकब्जने २००५ मध्ये एक लाख डॉलरला घेतला आणि २०१० मध्ये सहा लाख पस्तीस हजारांना विकला. खरी आहे. पण त्यांनी तिथे क्लब नेव्हरडाय नावाचा क्लब चालवून दाखवला होता, आणि असे व्यवहार बातमी होतात ते दुर्मिळ असतात म्हणूनच.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एकजण आभासी बँक काढतोय, लिंडेन ठेवा, महिन्याला मोठं व्याज. दुसरा एक म्हणतो अमुक टोकनवाला खेळ घे, रोज खेळायचे पैसे मिळतात. कुठे टाकू?
– दोन्हीकडून ओढला गेलेला

उत्तर : कुठेच नाही.

बँकेचं आधी. गिन्को फायनान्शियल नावाची अशीच बँक सेकंड लाइफमध्ये होती, व्याज भरघोस. २००७ च्या उन्हाळ्यात कंपनीने जुगारावर बंदी आणली, लोक घाबरून पैसे काढायला धावले आणि बँकेकडे द्यायला पैसेच नव्हते. त्यानंतर जानेवारी २००८ पासून परवाना नसलेल्या बँकांवर बंदीच आहे. म्हणजे तुमचा मित्र नियम मोडतोय, हे त्याला कळवा.

टोकनवाल्या, म्हणजे क्रिप्टो चलनात पैसे देणाऱ्या खेळांचं उदाहरण ॲक्सी इन्फिनिटी. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये कित्येक लोक त्यावर घर चालवत होते. पण नवीन माणूस आत यायचा तर आधी खेळात लढवायचे आभासी प्राणी विकत घ्यायला लागायचे, आणि जुन्यांना मिळणारा पैसा मुख्यतः त्या नवीन लोकांकडूनच यायचा. नवे येणं मंदावलं, टोकन ढीगभर तयार होत राहिले, भाव कोसळला. मार्च २०२२ मध्ये त्याच्या रोनिन नेटवर्कवरून सहाशे दशलक्ष डॉलरहून जास्त चोरीला गेले ते वेगळंच. अशा खेळाला एकच प्रश्न विचारायचा, पैसे मिळणं उद्या बंद झालं तर हा कुणी खेळेल का? नाही असं उत्तर आलं तर तिथला पैसा खेळणाऱ्याच्या मजेतून येत नाहीये, मागून येणाऱ्याच्या खिशातून येतोय.

जाता जाता अजून एक. सेकंड लाइफमध्ये एखादी वस्तू अचानक विचारते, "तुमच्या खात्यातून लिंडेन काढायची परवानगी द्याल?" स्वतःचं व्हेंडर मशीन किंवा टिप जार बसवताना ही परवानगी लागते, कारण पैसे वाटून द्यायचे असतात. अनोळखी वस्तूने, फुकट भेट म्हणून आलेल्या डब्याने हे विचारलं तर नाही म्हणा आणि फेकून द्या. हो म्हटलंत की अख्खं खातं साफ होऊ शकतं.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, रोब्लॉक्सवर स्वतः गेम बनवतो आणि म्हणतो यातून कमावणार. करू द्यावं का?
– काळजीत आई

उत्तर : बनवू द्या, नुसतं खेळण्यापेक्षा शंभर पटीने बरं, ल्युआ भाषेत कोड लिहायला शिकतोय तो. कमाईचं गणित मात्र त्याच्याकडूनच मांडून घ्या. गेममधला पास विकला की रोबक्समधले (तिथलं चलन) ७० टक्के बनवणाऱ्याला मिळतात. पण रोबक्स विकत घेताना जो भाव आपण देतो त्याच्या साधारण एक तृतीयांश भावानेच कंपनी ते परत घेते, वय किमान १३ लागतं, ओळख पटवावी लागते, आणि किमान हजारोंच्या घरात कमावलेले रोबक्स साठल्याशिवाय ते बदलूनच मिळत नाहीत. त्याला हे कळलं आणि तरी तो बनवत राहिला तर काळजी नको. जाहिरातीसाठी तुमचे पैसे मागायला लागला तर ठरलेली रक्कम द्या, कार्ड देऊ नका. आणि "मी तुझे रोबक्स बाहेर चांगल्या भावाने घेतो" म्हणणाऱ्यापासून लांब ठेवा, खातं जातं.

प्रश्न : तलवार-राक्षसवाल्या गेममध्ये माझ्याकडे भरपूर सोनं साठलंय. विकू का?
– सोन्याचा ढीग

उत्तर : बहुतेक अशा खेळांत नियमाने मनाई आहे, पकडलं तर अकाउंट बंद. मागणी आहे यात शंका नाही, २००१ मध्येच एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थतज्ज्ञाने एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळातल्या वस्तूंच्या बाहेरच्या विक्रीवरून हिशोब मांडला होता की तिथला खेळाडू तासाला साधारण साडेतीन डॉलरचं उत्पन्न तयार करतो. पण विक्री अधिकृत केली की खेळाचं काय होतं तेही बघितलंय आपण. डायाब्लो ३ मध्ये २०१२ ला कंपनीने स्वतः खऱ्या पैशाचा लिलाव सुरू केला, लोक राक्षस मारून वस्तू मिळवण्याऐवजी लिलावाच्या पानावरच बसायला लागले, आणि मार्च २०१४ मध्ये त्यांनी तो बंद केला, कारण खेळाचा गाभाच हरवला होता. तुमचं सोनं गेममधल्या नव्या दोस्तांना वाटा, गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, नाव होईल.

प्रश्न : कमावलेले लिंडेन बँकेत कसे येतात? आणि टॅक्स?
– घाईत

उत्तर : लिंडेन आधी तिथल्याच अधिकृत एक्सचेंजवर विकायचे, डॉलर खात्यात दिसतात, मग ओळखपत्र देऊन बाहेर काढायचे. विकताना फी, काढताना फी, म्हणून थोडेथोडे काढण्यापेक्षा साठवून एकदम काढा. पहिल्यांदा ओळख पटवायला वेळ लागतो, तेव्हा भाडं भरायच्या आदल्या दिवशी अर्ज करू नका. टॅक्स तुम्ही जिथे राहता तिथल्या नियमाने, खेळातून आला म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका, वर्षभराच्या व्यवहारांची यादी साइटवरून डाउनलोड होते ती काढून ठेवा आणि हिशोबनीसाला दाखवा. तो "लिंडेन म्हणजे काय" असं विचारणार, तयारीत राहा.